अण्णांच्या वाट्याचं पाणी

अण्णांना दिवसाला आठशे मिलिलिटर पाणी. त्यात सकाळचा चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचे घोट, सगळं आलं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे सासरे, खिडकीबाहेर बघत होते आणि माझी बायको रुमाल शोधत होती. त्यामुळे आकडा लक्षात ठेवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. ते तसंही माझ्याकडेच आलं असतं. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मापं घेणं हीच माझी नोकरी.

मी एक पद्धत बसवली. सकाळी एका बाटलीत बरोबर आठशे भरायचं. अण्णांनी चहा घेतला की चहाइतकं पाणी बाटलीतून काढून झाडांना घालायचं. आमटीची वाटी, तसंच. बाटलीत जे उरेल ते अण्णांचं. कुणीही बाटलीकडे बघितलं तरी दिवसाचा हिशोब समोर दिसे. सुरुवातीला अण्णांना याची गंमत वाटली. त्यांनी मला 'मीटर' म्हणायला सुरुवात केली.

"काय मीटर, किती उरलं?"

"दोनशे दहा."

"वरचे दहा आत्ताच देऊन टाका. हिशोबाला दोनशे बरे पडतील तुम्हाला."

मी द्यायचो नाही. बायको आतून ओरडायची, "अहो, दहा मिलिलिटरने काय होणार आहे?" दहाने काही होत नाही हे मलाही कळत होतं. पण दहा दिले की मग वीस का नाहीत, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

अण्णा पालघरला राहायचे. तिथल्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले. सासूबाई गेल्यावर एकटेच होते. मूत्रपिंडं निकामी झाली आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस ठरलं, तेव्हा आम्ही त्यांना सरावलीला आमच्या फ्लॅटवर आणलं. बोईसरचं सेंटर तिथून रिक्षाने जवळ पडे. ते येताना कपड्यांची एक बॅग आणि कॅसेटींची चार खोकी घेऊन आले. खोकी माझ्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाखाली गेली.

त्या कॅसेटींमध्ये अण्णांचं आयुष्य होतं. आमच्या जिल्ह्याच्या डोंगराकडच्या आदिवासी पाड्यांवर लग्न भटजी लावत नाही, एक बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. ती गाणी म्हणत जाते आणि गाण्यागाण्यानं लग्न पुढे सरकतं. प्रत्येक पाड्याची गाणी थोडी वेगळी, आणि लिहिलेलं कुठेच काही नाही. अण्णांनी तरुणपणापासून सुट्टीच्या दिवशी एसटीने आणि मग पायी जाऊन ती गाणी गोळा केली, त्यांचे अर्थ लावले आणि निवृत्तीनंतर दोन जाड खंड छापले. त्या खंडांचे गठ्ठे पालघरच्या घरी पलंगाखाली पडून होते. आम्ही कुणाच्या बारशाला, लग्नाला गेलो की एक संच आहेराबरोबर द्यायचो. लोक पाकिटाचे आभार मानायचे.

आणि मग, डायलिसिस सुरू होऊन जेमतेम महिना झाला असेल, अण्णांना राज्य पातळीवरचा एक मोठा पुरस्कार जाहीर झाला. फोन आला तेव्हा ते यंत्राला जोडलेले होते. डाव्या हातात सुया होत्या, म्हणून मी फोन त्यांच्या उजव्या कानाला धरला. पलीकडचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो, हो. आभारी आहे. मी जरा कामात आहे, नंतर बोलू का?"

तिथून सत्कारांची रांग लागली. ज्या पालघरात त्यांना भाजीवाल्याशिवाय कुणी हाक मारत नव्हतं, तिथल्या प्रत्येक मंडळाला, वाचनालयाला आणि शाळेला ते एकाएकी आपले वाटू लागले. अण्णांना याचा राग नव्हता. आनंद होता, आणि तो ते लपवत नव्हते. फेटा बांधून घ्यायला त्यांना मनापासून आवडायचं. माझी अडचण वेगळी होती. सत्कार नेहमी रविवारी असतो. शनिवारचं डायलिसिस झालं की पुढचं थेट मंगळवारी. मधला खंड आठवड्यातला सगळ्यात लांब, आणि नेमका त्याच खंडात माणसं अण्णांना खायला-प्यायला घालायला टपलेली.

पहिला सत्कार केळव्याच्या बाजूच्या एका वाडीवाल्यांच्या गावात झाला. नारळ, केळी, पानवेल यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगणारी माणसं. किडनीचा आजार म्हटल्यावर त्या सगळ्यांना एकच आजार ठाऊक होता, मुतखडा. त्यामुळे व्यासपीठावर पोचण्याआधीच अण्णांच्या हातात तासलेलं शहाळं आलं. एक काकू थर्मासमधून कुळथाचं कढण घेऊन आल्या होत्या. मी मध्ये पडलो.

"यांना शहाळं चालत नाही हो."

"चालत नाही?" शेजारचे एक आजोबा माझ्याकडे वळले. "अहो, मला विचारा. आठ एमएमचा खडा होता माझा. आमच्याच वाडीतली शहाळी प्यालो आणि पडला."

"यांना खडा नाहीये. किडनीच काम करत नाही."

"असं डॉक्टर सांगतात!" आजोबा म्हणाले आणि आजूबाजूचे सगळे हसले. काकूंनी थर्मासचं झाकण भरून पुढे केलं, "मीठ नाही घातलेलं, सर. खास तुमच्यासाठी."

अण्णांनी झाकण रिकामं केलं आणि अर्धं शहाळं प्याले. मंगळवारच्या रक्तात पोटॅशियम इतकं वर गेलं होतं, की डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून झापलं. "शहाळ्याने हृदय बंद पडू शकतं यांचं. तुम्ही शिकलेले आहात ना?" मी मान डोलावली. त्या काकूंचा चेहरा त्यांना कसा दाखवणार होतो?

मग मी आधीच फोन करून आयोजकांना सांगायला लागलो. शहाळं नाही, फळं नाहीत, चहा नाही, सरबत नाही. दातिवऱ्याच्या कोळी मंडळींनी हे अक्षरशः पाळलं. टेबलावर पाण्याचा पेलासुद्धा ठेवला नाही. समारंभ संपला आणि दोन बायकांनी वर्तमानपत्रात बांधलेलं भलं मोठं पुडकं अण्णांच्या मांडीवर ठेवलं. वासावरूनच मला कळलं. खारवलेले बोंबील आणि सुकट.

"हे नको होतं," मी म्हणालो. "मीठ आहे यात. मिठाने तहान लागते त्यांना."

"तुमीच बोलले ना, ओला काय नको," त्यांतली थोरली म्हणाली. "म्हनून सुका दिला. आता सुका पन नको तं सरांनी खायाचा तरी काय?"

अण्णा इतके हसले की फेटा सैल झाला. गाडीतही अधूनमधून हसत होते. "बरोबर आहे तिचं, मीटर. खायाचा तरी काय?" ते पुडकं आम्ही खाल्लं, त्यांच्या देखत. तो वास घरभर असताना ते वरणभात जेवले.

एप्रिल लागला. पुरस्काराचा समारंभ दोन आठवड्यांवर आला होता, मुंबईला. बायकोने अण्णांसाठी नवा झब्बा शिवायला टाकला होता. आणि मग एका संध्याकाळी पाड्यावरून माणूस आला.

मनोरच्या पुढे डोंगरातला तो पाडा अण्णांचा पहिला पाडा होता. पहिल्या खंडातली निम्मी गाणी तिथल्या धवलेरीची. आलेला माणूस तिचा मुलगा, माझ्याच वयाचा. पावसाळ्यात पाड्यावर भात लावतो, एरवी वसाहतीत कामाला येतो आणि जवळच्याच पाम गावात खोली करून राहतो. तो चप्पल बाहेर काढून सोफ्याच्या अगदी कडेला बसला. मी पाणी दिलं, त्याने घेतलं.

"मास्तरला मोटा इनाम मिलला, आमी ऐकला," तो म्हणाला. "पाड्याला बोलावलाय. आये बोलली, येत्या रयवारी आनच. नाच लावनार."

मी नेहमीची यादी सांगायला तोंड उघडलं. "येतील ते. पण एक करा, तिथे त्यांना पा..."

"येतो म्हणून सांग आयेला," अण्णा मोठ्याने म्हणाले. इतक्या मोठ्याने, की आतून मुलगी बघायला आली.

तो गेल्यावर अण्णा माझ्यावर चिडले. मला वाटतं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"काय सांगणार होतास त्याला? पाणी देऊ नका?"

"सगळ्यांना सांगतो तेच."

"ते सगळे वेगळे. हे वेगळे."

मग त्यांनी सांगितलं. ते पहिल्यांदा त्या पाड्यावर गेले तेव्हा बरोबर कॉलेजातलेच एक सहकारी होते. धवलेरीने दोघांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. सहकाऱ्यांनी पिशवीतून घरची पाण्याची बाटली काढली आणि तिच्यातलं पाणी प्याले. बाई तांब्या उचलून आत गेली. त्या दिवशी त्या पाड्यावर कुणालाच एकही गाणं आठवेना. पुढच्या रविवारी अण्णा एकटे गेले, आधी पाणी मागून घेतलं, आणि मग गाणी आली. तेव्हापासून अण्णांच्या कामाची रीत ठरली. घरात शिरलं की आधी पाणी, प्रश्न नंतर. कितीही घरं असोत, पाणी कसंही असो. विद्यार्थ्यांनाही ते पहिल्या दिवशी हेच सांगायचे.

"त्यांच्या हातचं पाणी नको म्हणणारी माणसं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बघितलीत," अण्णा म्हणाले. "तू एक फोन करून माझं सगळं काम मातीत घालशील."

"पण तुम्ही आजारी आहात हे सांगितलं तर समजून घेतील ना."

"घेतील की समजून. तोंडावर काही म्हणणार नाहीत. तेच नकोय मला."

बायको दारात उभी होती. "अण्णा, दोन आठवड्यांवर पुरस्कार आहे. तोवर तरी जिवाला जपा. एवढी वर्षं वाट बघितलीत."

"मी नाही बघितली," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईने बघितली."

बायको दारातून आत निघून गेली.

मग मी मला जमतं ते केलं. पाड्यावर घरं किती, विचारलं. नऊ. घोट कितीचा, ते काढायला जेवणाच्या टेबलावर बसलो. मी पेल्यात मोजून शंभर ओतलं, अण्णा एक घोट प्याले, उरलेलं पुन्हा मापाच्या भांड्यात ओतलं. पहिला घोट पन्नासचा निघाला.

"मोठा झाला," मी म्हणालो.

"पाहुणा आहे मी. चिमणी नव्हे."

दुसरा चाळीस. तिसरा तीस. तीसवर आम्ही दोघे कबूल झालो. नऊ तीस दोनशे सत्तर. रविवारी सकाळपासून बाकी सगळं बंद ठेवलं तर पाचशेच्या वर शिल्लक राहणार होती. माझी मुलगी हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "आजोबांची तोंडी परीक्षा आहे का?" अण्णा म्हणाले, "प्रॅक्टिकल."

त्या रविवारी अण्णांनी सकाळपासून गोळ्यांपुरता एक घोट घेतला. चहासुद्धा नाही. ऊन तापलेलं होतं. मनोर रोडला गाडीचा एसी चालू असूनही त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि जीभ टाळूला चिकटत असल्यासारखे ते तुटक बोलत होते. मी विचारलं, "बर्फाचा खडा देऊ?" थर्मासमध्ये चार आणले होते. नको म्हणाले. "तिथे जागा लागेल."

पाड्यावर हिरव्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. शाल नाही, नारळ नाही, माईक नाही. भोपळ्याचा लांब तारपा फुंकून वाजवत होते आणि नाच आधीच सुरू झाला होता. अण्णांना खुर्ची दिली, ते तिच्यावर न बसता जमिनीवर बसले. धवलेरीने त्यांच्या कपाळाला तांदूळ लावले. ती वाकलेली, काटकुळी बाई, पण आवाज अजून खणखणीत. तिने अण्णांच्या नावाने एक गाणं म्हटलं. अण्णांनी मला हळूच सांगितलं, हे नवरा मांडवात येतो तेव्हाचं आहे, तिने शब्द बदललेत. मग ते उठले आणि रीतीप्रमाणे घरोघर निघाले. मी मागोमाग.

पहिल्याच घरी माझा हिशोब चुकला. टेबलावर आम्ही सराव केला होता तो पेल्याला ओठ लावून. इथे तांब्या, आणि तो वरून प्यायचा. वरून पडणाऱ्या धारेला तीस मिलिलिटर कुठे संपतात? तरी अण्णांनी हात लवकर आवरला आणि तांब्या खाली ठेवला. घरातली बाई तांब्यात डोकावली. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. तांब्या उचलताना तिचा हात जरा थांबला. पाड्याची विहीर खाली उतारावर आहे. येताना आम्ही डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढणाऱ्या बायका बघितल्या होत्या. मी घोट मोजले होते, तांब्यात उरणारं पाणी मोजलं नव्हतं.

"मला द्या," मी म्हणालो. "मला पण तहान लागलीय."

मी तो तांब्या वरून, सगळा, रिकामा केला. बाई हसली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, आणि आमचं ठरलं. पुढच्या प्रत्येक घरी अण्णांनी थोडं प्यायचं, उरलेलं मी संपवायचं. पाचव्या घरापर्यंत हे उत्तम चाललं. एका म्हाताऱ्याने माझी तारीफही केली, "जावाय दमदार हाय. पानी बरा पितं." सहाव्या घरी माझं पोट तट्ट फुगलं. सातव्या घरातून निघालो आणि मला थांबवेना. मी अण्णांना म्हटलं, "दोन मिनिटं," आणि मांडवामागे करवंदीच्या जाळीआड गेलो. माझी मूत्रपिंडं आपलं काम चोख करत होती.

परत आलो तर अण्णा मांडवाजवळ नव्हते. ते आठवं घर सोडून थेट धवलेरीच्या घरी गेले होते. तिच्या ओट्यावर, कुडाला पाठ टेकून बसलेले. रिकामा तांब्या बाजूला आडवा पडला होता आणि ती दुसरा तांब्या त्यांच्या तोंडात वरून ओतत होती, लहान पोराला पाजावं तसा. अण्णांचे डोळे मिटलेले होते. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून सदऱ्यात जात होतं आणि घाटी खालीवर होत होती.

"अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. मला बघितलं. थांबले नाहीत.

"तान लागली व्हती मास्तरला," धवलेरी माझ्याकडे बघून हसली. "किती तान! आजून आनू का रं?"

मी तिच्या हातातून तांब्या घेऊ शकलो असतो. दोन पावलांवर होतो. पण ज्या घरात पहिल्यांदा तो तांब्या परत गेला होता, ते हेच घर. मी तसाच उभा राहिलो आणि तांब्या रिकामा झाला. दोन तांब्यांचं मिळून अंदाजे दीड लिटर. आधीच्या सात घरांचं वेगळं. ही बेरीज मी तिथे उभ्या उभ्या केली आणि तिचा काही उपयोग नव्हता.

परतताना हायवे लागल्यावर अण्णा म्हणाले, "घरी सांगू नकोस, की मी त्यांचा मान राखायला प्यालो म्हणून."

"मग काय सांगू?"

"तहान लागली होती," अण्णा म्हणाले. "चार महिने लागलीय."

मी चार महिने रोज बाटली भरत होतो, मोजत होतो, झाडांना घालत होतो. तो माणूस माझ्यासमोर चार महिने तहानलेला बसला होता, हे मला त्या दिवशी हायवेवर कळलं. कळून करणार काय? दुसऱ्या दिवशी बाटलीत तेवढंच भरायचं होतं.

दुसरा दिवस तसा आलाच नाही. सोमवारी सकाळी अण्णांना आडवं होता येईना. उशांना टेकून बसले होते आणि एकेक श्वास ओढून काढत होते, बोलायचं तर दोन शब्दांनंतर थांबत होते. वजनकाट्यावर उभं करायला मी त्यांना काखेत धरून उचललं. काटा शनिवारपेक्षा साडेतीन किलो पुढे गेला. सेंटरला फोन केला, त्यांनी रांग मोडून घेतलं. यंत्राने पाणी काढलं, पण हृदयावर ताण आला होता. तिथून अतिदक्षता विभाग. डॉक्टर या वेळी ओरडले नाहीत. "असं होतं," म्हणाले. त्याची मला जास्त भीती वाटली.

अण्णा त्यातून बाहेर आले, पण मुंबईला जाण्यासारखे राहिले नाहीत. पुरस्कार घ्यायला बायको गेली, शिवलेला झब्बा घडी करून बरोबर नेला, का ते तिलाही माहीत नव्हतं. मी अण्णांच्या पलंगाजवळ बसून मोबाईलवर समारंभ दाखवला. मंचावर पाहुण्यांच्या खुर्च्या, प्रत्येकीसमोर छोटं टेबल. एक खुर्ची रिकामी. मानपत्र वाचलं गेलं, त्यात धवलेरींचा उल्लेख आला, टाळ्या पडल्या. अण्णा पडद्याकडे एकटक बघत होते. मला वाटलं, ऐकताहेत.

"त्या रिकाम्या खुर्चीसमोरची बाटली बघ," ते म्हणाले. "सीलबंद आहे. माझी असणार."

अण्णा त्यानंतर पावसाळा सुरू होईपर्यंत होते. त्यांना घरी आणल्यावर बाटलीत सातशे भरायला सांगितलं होतं. शंभर कमी झाले. ते मला आता मीटर म्हणत नव्हते, माझ्या नावानेच हाक मारत होते. मला चुकल्याचुकल्यासारखं होई. सत्कारवाले यायचे थांबले होते. आला तो धवलेरीचा मुलगा, वसाहतीत आजारपणाचं ऐकून, मे महिन्यातल्या एका दुपारी, आईला घेऊन.

ती लिफ्टमध्ये भिंतीला हात लावून उभी राहिली होती, असं तो म्हणाला. आत येऊन ती अण्णांच्या पलंगाजवळ फरशीवरच बसली. हात रिकामे होते.

"काय बी आनला नाय," ती म्हणाली. "पोरगा सांगं, तुला कायच चालत नाय."

"बरं केलंस," अण्णा म्हणाले. "बाकीचे सगळे आणतात."

बायकोने तिला पाणी दिलं. तिने पेला घेतला आणि बाजूला फरशीवर ठेवला. आमच्या घरात त्या क्षणी जे झालं ते मला आणि अण्णांना दोघांनाही एकदम कळलं. अण्णांनी मान उचलली.

"पी की."

"तू पे. मंग मी."

"मी आत्ताच प्यालो."

"खोटा बोलतं," ती म्हणाली. तिचा मुलगा ओशाळला. "आये, पी ना. गाडीत तान तान करत व्हतीस." तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दोन तांबे म्या पाजले याला. माझ्या हातान्. मला कोनी नाय सांगितला. कोनी तरी सांगाया पायजे ना?"

हे ती अण्णांना म्हणाली, पण ऐकायचं मला होतं. बायको माझ्याकडे बघत होती. मी त्या पाड्यावर उभा होतो, दोन पावलांवर, हे तिला माहीत होतं.

"तहान मला लागली होती," अण्णा म्हणाले. "तू काय केलंस? तू पाणी दिलंस. पी."

ती प्यायली नाही. पेला तसाच फरशीवर. पंखा फिरत होता आणि खाली रिक्षावाले हिंदीत भांडत होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात गेलो. बाटलीत साठ उरले होते. रात्रीच्या गोळ्यांसाठी राखून ठेवलेले. त्यांतले तीस ओतावेत असं मनात आलं. मग सगळेच ओतले.

अण्णा ओठ लावून, सावकाश प्याले. ती त्यांच्या गळ्याकडे बघत होती. त्यांचा पेला रिकामा झाल्यावर तिने तिचा उचलला आणि वरून एक धार तोंडात घेतली. तहानलेली बाई, पण तेवढ्यावरच थांबली. उरलेला पेला तिने माझ्यापुढे धरला.

"घे जावाय. उरलेला तू पितस ना."

तिचा मुलगा हसला, बायकोही हसली. मी तो पेला उभ्यानेच संपवला.

ती दोघं साडेपाचच्या एसटीसाठी लवकर निघाली. रात्री जेवण झाल्यावर मी अण्णांच्या गोळ्या काढून तळहातावर घेतल्या, एकूण पाच, आणि त्यांच्यापुढे बसलो. बाटली रिकामी होती. त्यांनी एकेक गोळी जिभेवर ठेवली, मान मागे टाकली आणि कोरडीच गिळली. तिसरी अडकली. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो, ती खाली जाईपर्यंत.